दुपट्टा सावलीत का सुटतो? साथीच्या काळातली खबरदारी आणि आपली गावे

पूर्णाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

अकोला जिल्ह्याच्या खारपाण पट्ट्यातील एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून २१ वर्षे काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. करोनाच्या दोन्ही मोठ्या लाटांमध्ये माझ्याकडे ४ गावे होती. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. काय करायचे हे लोकांना पक्के ठाऊक असताना काही गोष्टी होत नव्हत्या, आणि काही गोष्टी मात्र कोणी न सांगताही होत होत्या. असे का झाले असावे? ‘लोक अडाणी आहेत’ हे उत्तर मी वरिष्ठांच्या बैठकांमध्ये पुष्कळदा ऐकले आणि मला ते तेव्हाही पटले नाही. मार्च २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मागोमाग सूचना ऐकू यायच्या. हात धुवा, अंतर ठेवा, हे तिसरीतले पोरही म्हणून दाखवत होते.

दुपट्ट्याचे उदाहरण सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पडणारा माणूस डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतोच. त्यामुळे तोंड झाकणे ही आपल्याला नवी शिकवायची सवय नव्हती आणि मला वाटले होते की हे काम सोपे जाईल. प्रत्यक्षात मोकळ्या रस्त्यावर, जिथे धोका सर्वांत कमी, तिथे दुपट्टा बांधलेला असायचा, आणि माणूस सावलीत, कोणाच्या ओसरीवर, दुकानात किंवा माझ्या उपकेंद्राच्या खोलीत आला की पहिले काम दुपट्टा सोडण्याचे व्हायचे. सवय उन्हासाठी जडलेली होती, म्हणून ऊन संपले की ती संपायची. शिवाय घरात शिरल्यावर तोंड बांधून ठेवणे हा घरच्या माणसाचा अपमान समजला जातो. एका म्हाताऱ्या बाबांनी मला स्पष्टच विचारले होते, “बाई, तुह्या पुढं तोंड बांधून बसू, मी का चोर हावो?”

दुसरी गोष्ट साबणाची. आमच्या पट्ट्यातल्या विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी क्षारयुक्त आहे. त्यात साबण घासला की फेस येण्याऐवजी पांढरट चोथा जमतो आणि हात धुतल्यावर चिकट राहतात. नळयोजनेचे गोडे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी भरून ठेवायचे असते. गोड्या पाण्याचा एक लोटा दिवसातून आठ वेळा हातांवर ओतायला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकात भरपूर फेस आलेल्या हातांचे चित्र होते. ते चित्र पाहून एक बाई म्हणाली, “शिस्टरबाई, असा फेस आमच्या पान्याले येतच नाही.”

आपापल्या गावात तुम्ही काय पाहिले ते लिहावे, ही विनंती. पुन्हा कधी साथ आली तर तेव्हाच्या सेविकेच्या हाती यातले काहीतरी असावे, असे मनापासून वाटते.

धुरा | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, दुपट्ट्याचे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. तुमच्या म्हणण्यात एक भर घालतो आणि एका ठिकाणी थोडी असहमतीही नोंदवतो.

गोड्या पाण्याची अडचण खरी आहे, पण ज्यांच्या घरी बोअरला भरपूर पाणी होते, घर मोठे होते आणि मजुरीला जाण्याची गरज नव्हती, त्यांनी तरी कुठे फार पाळले? राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले आणि १८ तारखेला निकाल लागला. आमच्या गावात प्रचाराचे पंधरा दिवस घरोघरी बैठका झाल्या आणि निकालाच्या दिवशी सगळे गाव गुलालात एकमेकांच्या गळ्यात गळे घालत होते. फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यात, अमरावतीत आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. पण गुलालाच्या दिवशी ज्या मंडळींनी गावाला गोळा केले, त्यांनीच महिन्याभराने लग्नाला माणसे कमी बोलवा म्हणून सांगितले, तेव्हा ते कोणी मनावर घेतले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता नातेसंबंधांबद्दल लिहितो. माझ्या मते गावात सर्वांत जड गोष्ट मयतीची आणि तेरवीची आहे. लग्नाला गेलो नाही तर माणूस रुसतो आणि वर्षभराने विसरतो. मयतीला गेलो नाही तर ते दोन पिढ्या लक्षात राहते. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या चुलत्यांचे निधन झाले. तेव्हा मला ताप नव्हता, पण घरात आई ७८ वर्षांची होती. जाऊ नये हे कळत होते, तरी मी गेलो. बसायला येणाऱ्या माणसांची रांग नऊ दिवस सुरू होती, एकाच सतरंजीवर सगळे बसत होते आणि पाण्याचा तांब्या हातोहात फिरत होता. मी त्या तांब्याला नाही म्हणू शकलो नाही. पुढे आई आजारी पडली. ती वाचली, पण ते १२ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

खडू_फळा | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५५

धुरा भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच लिहायला बसलो होतो, पण नीट मांडता येईना.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तेरवीबाबत आमच्या गावात जे घडले ते सांगतो, कारण त्यातून वाट दिसते असे मला वाटते. दुसऱ्या लाटेत गावात एका आठवड्यात तिघे गेले. चौथ्या दिवशी पोलीस पाटील, भजनी मंडळातले दोन जुने गृहस्थ आणि आम्ही दोघे शिक्षक देवळाच्या पारावर अंतर ठेवून बसलो. तिथे ठरले ते असे, की यापुढे कोणाच्याही घरी मयत झाली तर खांद्यासाठी लागतील तेवढीच माणसे जातील, बसायला कोणी जाणार नाही आणि तेरवी फक्त घरच्यांची होईल. हे देवळाच्या भोंग्यावरून सलग तीन संध्याकाळ सांगितले गेले, आणि सांगताना ‘सरकारचा नियम आहे’ असे न म्हणता ‘गावाने ठरवले आहे’ असे म्हटले गेले. त्यानंतर न आलेल्या माणसाला कोणी बोल लावला नाही. एकट्याने घरी थांबणारा माणूस आदल्या दिवशीपर्यंत उद्धट ठरत होता. गावाने ठरवल्यावर तेच घरी थांबणे गावाची रीत झाली. पत्रके वाटूनही जे होत नव्हते, ते तीन दिवसांत झाले.

आमच्या भागातली एक वेगळी अडचणही इथे नोंदवतो. ती खर्ऱ्याची आहे. पश्चिम विदर्भातल्या वाचकांना कदाचित तिची तीव्रता कळणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेली ही पुडी एकट्याने खायची वस्तू नाही. चार जणांनी चिमूट-चिमूट घ्यायची, त्याच बोटांनी तोंडात टाकायची आणि पुडी पुढे द्यायची, अशी पद्धत आहे. पुरुष खातात, बायका खातात, आणि दुःखाने सांगतो की शाळेतली पोरेही खातात. तोंडात खर्रा असेल तर मास्क टिकत नाही, कारण दर दोन मिनिटांनी थुंकायचे असते. टाळेबंदीत पानठेले बंद झाले, खर्रा मात्र चढ्या भावाने घरांतून मिळत राहिला, आणि महाग झाल्यामुळे एका पुडीत वाटेकरी आणखी वाढले. पुढे केलेली चिमूट नाकारणे हे त्या तांब्यासारखेच आहे, भाऊ.

निंबाची_सावली | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी वर्धा जिल्ह्यात काम करणारा डॉक्टर आहे आणि सामुदायिक आरोग्य हा माझा विषय आहे. तुमचे तिघांचे अनुभव वाचताना या विषयावरचे संशोधन डोळ्यांसमोर येत होते, म्हणून त्यातले थोडेसे इथे मांडतो.

अमेरिकेत १९५०च्या दशकात क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्र बसवलेल्या गाड्या वस्त्यांपर्यंत नेल्या होत्या. तपासणी फुकट होती, तरी अपेक्षेइतके लोक आले नाहीत. ते का आले नाहीत याचा शोध तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. माणूस काही प्रश्नांचा मनात हिशेब करतो, असे त्यांनी मांडले. हा आजार मला होईल का? झाला तर किती वाईट? सांगितलेला उपाय खरेच उपयोगी आहे का? आणि तो करताना मला काय सोसावे लागेल? पुढे २०१० साली ॲलिसन बिश आणि सुसान मिची या संशोधक बाईंनी सार्स, बर्ड फ्लू आणि स्वाइन फ्लूच्या काळातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातही धोक्याची जाणीव आणि उपायावरचा विश्वास या गोष्टी दिसल्या. वयाने मोठी माणसे आणि स्त्रिया अधिक खबरदारी घेतात, आणि अधिकाऱ्यांवर विश्वास असेल तर लोक सांगितलेले अधिक पाळतात, हेही दिसले. आपल्या गावांबाबत माझे मत असे आहे, की या यादीतला ‘काय सोसावे लागेल’ हा प्रश्न आपण सर्वांत कमी विचारला.

आपल्याला अधिक जवळचा प्रयोग बांगलादेशातला आहे. नोव्हेंबर २०२० पासून तिथल्या ६०० गावांमध्ये सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर तो झाला. ज्या गावांत फुकट मास्क वाटले, माहिती दिली, इमामांसारख्या मान्यवरांनी स्वतः मास्क लावून दाखवला आणि बाजारात-मशिदीपाशी उभे राहून कार्यकर्त्यांनी समोरासमोर आठवण करून दिली, तिथे नीट मास्क लावणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाइलवरचे संदेश किंवा गावाला दिलेले बक्षीस यांनी त्यात वाढ झाली नाही. समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाने ‘भाऊ, तोंड झाका’ म्हणण्याने फरक पडला. गुरुजींच्या गावातला भोंगा याच जातीचा आहे.

पूर्णाकाठ ताई, साबणाबाबत मात्र आमच्या क्षेत्राकडून झालेली चूक मला मान्य केली पाहिजे. सुरुवातीला आम्ही हात, दाराच्या कड्या आणि नोटा यांवर फार जोर दिला. हा विषाणू मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो हे ठळकपणे सांगायला उशीर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कची शिफारस ५ जून २०२० रोजी केली. त्याआधी निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असेच ती संघटना सांगत होती. ज्ञान वाढते तसा सल्ला बदलतो, यात गैर काही नाही, परंतु तो का बदलला हे गावात येऊन कोणी सांगितले नाही, आणि मग ‘यांचे यांनाच माहीत नाही’ ही भावना घट्ट झाली.

हवेचा मुद्दा आला म्हणून कूलरबद्दल लिहितो. दुसरी लाट ऐन उन्हाळ्यात आली. ४४-४५ अंशांच्या दुपारी संपूर्ण घर एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर, दारे लावून झोपत होते. कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून बसवला आणि समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवली तर बाहेरची हवा सतत आत येऊन खोलीतली हवा बाहेर जाते आणि गारवाही चांगला राहतो. कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवला तर तीच दमट हवा सगळ्यांच्या नाकांतून फिरत राहते. एवढी साधी गोष्ट त्या वर्षी एकाही पत्रकात नव्हती.

सातपुड्याची_लेक | ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

मी मेळघाटात आशा म्हणून काम करते. डॉक्टर साहेबांनी ‘काय सोसावे लागेल’ असे लिहिले, त्यावर मला लिहायचे आहे.

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आम्ही ताप मोजायचे यंत्र व बोटाला लावायचे यंत्र घेऊन घरोघर फिरलो. पहिल्या फेरीत सगळ्यांनी बोट पुढे केले. लहान मुले तर माझ्यामागे दुसऱ्या घरी येऊन पुन्हा बोट दाखवत होती. त्यानंतर एका घरातल्या माणसाचा ऑक्सिजन कमी निघाला. रुग्णवाहिका आली, त्याला नेले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना बांबू बांधले गेले. त्या गल्लीतले कोणीही १४ दिवस कामाला जाऊ शकले नाही. दुसऱ्या फेरीला मी गेले तेव्हा माझी पिशवी दिसताच दारे लागत होती. ज्या बाईची दोन बाळंतपणे माझ्यासमोर झाली, तिनेही आतून “घरात कोणी नाही” म्हणून सांगितले. तिचा आवाज मला कळत होता आणि मला तो कळतो हे तिलाही कळत होते.

हिशेब करून पाहा. २०२१-२२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. १४ दिवसांचे एका माणसाचे ३,४७२ रुपये होतात. नवरा-बायको दोघे घरी बसले तर त्याच्या दुप्पट. हातावर पोट असलेल्या घराला साध्या खोकल्यासाठी एवढी किंमत मोजायला सांगत होतो आपण. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत होते, पण बांबूच्या आतल्या माणसाने दुकानापर्यंत जायचे कसे? आजाराची भीती होतीच. त्याहून मोठी भीती आजार उघडकीला येण्याची होती.

मी पुढे दोन गोष्टी केल्या. दारात उभे राहून “ताप आहे का” असे विचारणे बंद केले, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘नाही’ असायचे. त्याऐवजी “आज मोह वेचायला कोण गेलं नाही” असे कोरकूत विचारू लागले. आजारी माणूस तिथेच सापडायचा. दुसरे म्हणजे, ज्या घरात कोणी आजारी असेल त्यांचे धान्य आणि तेल-मीठ शेजारच्या घराने आणून उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे गावच्या भूमकाला (पूजा आणि पारंपरिक उपचार करणाऱ्याला) आणि सरपंचांना विनवून ठरवून घेतले. भूमका, पडियार असे पारंपरिक उपचार करणारे जे सांगतात त्याला आमच्याकडे वजन आहे. त्यांना विरोधक समजून बाजूला ठेवणाऱ्यांनी लसीकरणाच्या वेळी हात टेकले. ज्या पाड्यावर भूमकाने स्वतः पहिली सुई घेतली, तिथे मला फारसे बोलावे लागले नाही.

खडू_फळा | ५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

ताई, ते लागलेले दार डोळ्यांसमोरून जात नाही.

१८९६-९७ च्या प्लेगमध्येही हेच झाले होते. पुण्यात सैनिक घरात शिरून रोगी शोधत, सामान बाहेर काढत, माणसांना छावणीत नेत. लोक आजारी माणूस लपवू लागले. त्याच काळात, १८९७ साली, साथरोग कायदा झाला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच लागू केला. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्या दवाखान्यात रोगी लपत नव्हते, आणले जात होते. माझ्या शाळेतच विलगीकरण कक्ष होता. पुण्याहून पायी आलेल्या पोरांना तिथे ठेवले तेव्हा गावकरी कुंपणावरून भाकरी टाकून पळत होते. आम्ही दोघे शिक्षक रोज सायंकाळी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून त्यांच्याशी तासभर बोलू लागलो. चार-पाच दिवसांनी त्यांच्या आया येऊन आमच्या बाजूला बसल्या. नंतरच्या तुकडीतल्या दोघांनी स्वतःहून येऊन नाव नोंदवले.

धुरा | ५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

असहमती मी मागे घेत नाही, पण ती नीट मांडतो. सधन घरांनीही पाळले नाही, कारण त्यांचे नुकसान पैशात नव्हते, मानात होते.

विश्वासाबद्दल एक अनुभव. आईला लशीचा पहिला डोस एप्रिलच्या सुरुवातीला दिला होता आणि सहा आठवड्यांनी दुसरा घ्यायला सांगितले होते. त्याप्रमाणे मे महिन्याच्या मध्यात, आजारातून उठलेल्या आईला मोटारसायकलवर बसवून १९ किलोमीटरवरच्या केंद्रावर नेले. तिथे परत पाठवले. १३ मे रोजी कोविशील्डचे अंतर १२ ते १६ आठवडे झाले होते. नियमामागचे कारण मला नंतर समजले, पण त्या दिवशी खिडकीतल्या माणसाने “आता नाही, जा” एवढेच सांगितले. गावात परतल्यावर चार म्हाताऱ्यांनी आईला विचारले आणि आईने “औषध संपलं म्हने” असे सांगितले. त्या चौघांपैकी दोघे पुढे कित्येक महिने केंद्रावर गेले नाहीत. एक मिनिट नीट बोलले असते तर ते दोघे गेले असते, असे मला अजून वाटते.

पूर्णाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री ८:४५

सर्वांचे मनापासून आभार. आशाताई, मीही “ताप आहे का” असेच विचारत राहिले होते. तुमची युक्ती मला २०२० मध्ये कळली असती तर किती बरे झाले असते.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून आज माझ्या जुन्या उपकेंद्रात जाऊन आले. बाळंतिणी आणि खोकणारी माणसे जिथे एकाच बाकावर बसतात त्या खोलीला दोन खिडक्या आहेत आणि दोन्ही कायमच्या बंद आहेत. नव्या सेविकेला विचारले तर तिने कारण सांगितले की उघडल्या की डास येतात आणि कबुतरे घरटी करतात. मीसुद्धा २१ वर्षे याच कारणाने त्या बंद ठेवल्या होत्या. जाळी बसवली तर दोन्ही उघड्या राहू शकतील. सुताराने दोन चौकटींचे आणि जाळीचे २,६०० रुपये सांगितले आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी असतो, त्यातून हे बसेल का? कोणी असा ठराव करून घेतला असेल तर त्याचा मजकूर इथे द्यावा.

सातपुड्याची_लेक | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

बसेल, ताई. आमच्या समितीने गेल्या वर्षी उपकेंद्राच्या दारासाठी असाच ठराव केला होता. वही आमच्या अंगणवाडी ताईंकडे आहे. उद्या सकाळी मजकूर उतरवून इथे टाकते.